तारा धरणारं यंत्र

आरसा दाताला लागला. टिक. लगेच पुन्हा, टिक-टिक-टिक, कुणी नखाने काच वाजवावी तसा. दातांच्या डॉक्टरला आधी वाटलं, बाईंनीच तोंड हलवलं. पण खुर्चीत आडव्या झालेल्या बाई डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून अगदी शहाण्या पेशंटसारख्या पडल्या होत्या. त्या मुलांना गाणं शिकवायच्या, श्वास धरून स्थिर राहायची त्यांना सवय असणार. म्हणजे हलत होता तो आरसा. आरशाची दांडी. दांडी धरलेली बोटं. इथे त्याने विचार तोडला, करंगळी बाईंच्या हनुवटीवर टेकवली आणि आरसा पुन्हा दाढेमागे नेला. आता वाजला नाही. खालची अक्कलदाढ आडवी झोपली होती, अर्धी हाडात, अर्धी हिरडीखाली, आणि आतल्या बाजूला, जिथे हाड कागदासारखं पातळ असतं, तिथे अगदी रेलून. त्या हाडापलीकडून जिभेची नस जाते. "काढावी लागेल," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. मदतनीस मुलीने सक्शनची नळी बाजूला घेतली. तिने ऐकलं होतं का? तिच्या तोंडावर मास्क होता, आणि मास्कवरचे डोळे काहीच सांगत नव्हते. बाई चूळ भरून उठल्या. रुमालाने ओठ टिपत म्हणाल्या, "मघाशी काहीतरी वाजलं."

"आरसा."

"हं. मला वाटलं तुम्ही ठेका धरलात."

त्या हसल्या, म्हणून तोही हसला. मग त्यांनी विचारलं, गाण्यावर काही परिणाम नाही ना व्हायचा. "छे हो, रोजचं काम आहे आमचं," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यातली वेळ ठरली. दार लागलं. त्याने हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि नळाखालच्या हातांकडे बघायचं मात्र टाळलं.

डावा हात होता. घरी जाताना त्याने स्वतःला हे दोनतीनदा बजावलं. आरसा डाव्या हातात असतो, आणि डाव्या हाताला काय कळतंय. शिवाय दुपारचं जेवण लांबलं होतं, कॉफी जरा जास्त झाली होती, आदल्या रात्री झोप नीट लागली नव्हती. कारणं रांगेत उभी होती, एकाला बोलावलं की मागची चार पुढे यायची. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने स्टिअरिंगवरच्या हातांकडे एकदा पाहिलं. अगदी शांत होते. पण स्टिअरिंग धरल्यावर कुणाचेही हात शांतच दिसतात, हेही लगेच मनात आलं, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्याला सगळं माहीत होतं, हीच खरी अडचण होती. कॉलेजात शिकलेली दोन पानं त्याला फोटोसारखी दिसत होती. एका आजारात हात रिकामा असताना थरथरतो आणि कामाला लागला की थांबतो. दुसऱ्यात रिकामा हात गप्प असतो, काम हाती घेतलं की थरथरतो. पहिला वाईट. दुसरा जीवावरचा नाही, हळूहळू वाढतो, चिंतेने जास्त वाढतो, आणि बहुधा घरातून येतो. 'घरातून येतो' या शब्दांपाशी त्याने गाडी पार्किंगमध्ये लावली, किल्ली काढली, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

दुर्बीण गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली. दाढा काढणं हे त्याचं पोट होतं आणि दुर्बीण हे त्याचं वेड. वेडसुद्धा हाताचंच. आकाशातल्या फिकट गोष्टींचे फोटो काढायचे तर कॅमेऱ्याचा डोळा कितीतरी वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि पृथ्वी काही तेवढ्यासाठी थांबत नाही. म्हणून दुर्बिणीच्या बैठकीला मोटर असते, ती दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागे मागे फिरवत नेते. पण मोटरची दातेरी चाकं शेवटी माणसांनीच केलेली, कधी जरा पुढे पळतात, कधी जरा मागे रेंगाळतात. मग मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीत एक तारा धरायचा, भिंगातल्या उभ्या-आडव्या तारांच्या फुलीवर तो बसवायचा, आणि तो सरकला की हातातल्या डब्यावरच्या चार बटणांपैकी हवं ते हलकेच दाबून त्याला परत जागेवर आणायचं. जमणारे थोडे. त्याला जमायचं. हौशी मंडळींत त्याला 'खुंटा' म्हणायचे, कारण एकदा डोळा लावला की माणूस हलायचा नाही. या नावाचा त्याला पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. गेले काही महिने मात्र त्याच्या फोटोंत तारे टिंबासारखे यायचे बंद झाले होते. तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, फुगीर, काही तर शेपटी फुटल्यासारखे. त्याने चाकांना दोष दिला, बैठक उघडून वंगण बदललं. मग टाकीच्या पंपाला दोष दिला. मग वाऱ्याला. आणि आज संध्याकाळी, जिना चढून वर न जाता, त्याने टेबलाचा खालचा खण उघडला आणि मुलीने सुट्टीत आणून दिलेला तो छोटा कॉम्प्युटर बाहेर काढला.

पत्त्यांच्या कॅटाएवढा, हिरवी पाटी, त्यावर चांदीचे ठिपके. "बाबा, तू किती दिवस डोळे फोडणार आहेस," ती तेव्हा म्हणाली होती. "हा ताऱ्यावर नजर ठेवील. छोटा कॅमेरा लावायचा, तो सतत ताऱ्याचा फोटो काढणार, हा मधला बिंदू शोधणार, सरकला असेल तर तुझी बटणं हाच दाबणार. तू खाली येऊन जेव." तेव्हा त्याने तो हसून खणात टाकला होता. आपल्या हाताचं काम एखाद्या पाटीला द्यायचं, हे त्याला स्वयंपाकघरात परक्याला शिरू द्यावं तसं वाटलं होतं. आता तोच कॉम्प्युटर तो दोन्ही हातांत धरून दिव्याखाली निरखत होता. बायको शाळेतून आणलेले पेपर तपासत बसली होती. ती रसायनशास्त्र शिकवायची. "काय शोधतोयस?" तिने मान वर न करता विचारलं. "यंत्र करतोय. तारा धरणारं." "म्हणजे तुला सुट्टी?" "म्हणजे मला सुट्टी," तो म्हणाला, आणि हा शब्द घरात जरा मोठ्याने पडला असं त्याला वाटलं.

पुढच्या सगळ्या संध्याकाळी तो त्यातच होता. कामात असलं की बरं वाटायचं. छोट्या दुर्बिणीच्या मागे कॅमेरा बसवला, त्यासाठी औषधाच्या बाटलीचं झाकण कापून कडं केलं. प्रोग्रॅम चढवताना अडलं की मुलीला फोन लावायचा. ती दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहायची, दातांच्याच कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला. क्लिनिकच्या पाटीवर त्याच्या नावाखाली त्याने एका ओळीची जागा मुद्दाम सोडून ठेवली होती. बघणाऱ्याला वाटायचं, रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला. फोनवर ती अक्षर-अक्षर सांगायची, तो टाइप करायचा, मध्ये ती म्हणायची, "स्पेस दिलास का?" आणि दर वेळी फोन ठेवायच्या आधी त्याच्या जिभेवर एक प्रश्न येऊन बसायचा. बेटा, तुझे हात. एवढाच. पुढचं वाक्य जुळायचंच नाही. विचारलं तर ती विचारणार, का? आणि नाही विचारलं तर तसं काही नाहीच. "अभ्यास कसा चाललाय?" तो विचारायचा. "चाललाय," ती म्हणायची, जरा तुटकच, आणि तो मनात म्हणायचा, दमली असेल.

मग सोल्डरिंगची संध्याकाळ आली, आणि ती टाळता येण्यासारखी नव्हती. हातातल्या डब्याच्या चार बटणांच्या खालून चार बारीक वायरी काढून त्या छोट्या पाटीपर्यंत आणायच्या होत्या. बटणांचे टाके मोहरीएवढे. त्याने कपाळावर क्लिनिकचं भिंग चढवलं, एका हातात तापलेली सळई, दुसऱ्या हातात कथलाची तार. सळईचं टोक टाक्याकडे निघालं आणि टाक्याभोवती माशीसारखं घिरट्या घालायला लागलं. या वेळी उजवा हात होता. त्याने मनगट टेबलाला टेकवलं, थोडं कमी झालं. कोपर बरगडीत रोवलं, आणखी कमी झालं. श्वास धरला. टोक टेकलं, पण बाजूच्या टाक्यालाही चाटून गेलं, आणि दोन्ही टाक्यांवर मिळून एक चकचकीत गोळा बसला. त्याने तो खरवडून काढला. पुन्हा केलं. पुन्हा गोळा. खोलीत राळेचा गोडसर धूर भरला आणि त्या वासाबरोबर, काही संबंध नसताना, टर्पेंटाइनचा वास आला. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरच म्हणायचे, आईसुद्धा. शिडीवर उभं राहून, डाव्या हातातली आधाराची काठी फळ्यावर टेकवून, काठीवर उजवं मनगट ठेवून ते अक्षराची मान अशी एका दमात खाली आणायचे की खाली उभा असलेला हा लहान मुलगा तोंड उघडं टाकायचा. मग कधीतरी ब्रश दोन्ही हातांत आला. मग अक्षरांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या दिसायला लागल्या. एका लॉन्ड्रीची पाटी त्यांनी दोन दिवस रंगवली, लॉन्ड्रीवाला काही बोलला नाही, भला माणूस होता, पण महिनाभरात त्याच जागी दुसऱ्या कुणाच्या हातची पाटी लागली. ती बघायला वडील समोरच्या फुटपाथवर उभे राहिले होते, मुलाला बरोबर घेऊन, डाव्या हाताने उजवं मनगट पाठीमागे घट्ट धरून. तेव्हापासून ते कायम तसेच उभे राहायचे. लग्नातल्या फोटोंतसुद्धा. लोकांना तो रुबाब वाटायचा. त्यालाही वाटायचा. घरात त्या हाताबद्दल कुणी कधी एक शब्द काढला नाही. शेवटी ते रंगाच्या दुकानात डबे मोजायला बसले. आणि मुलाने ठरवलं की आपण हाताचंच काही करायचं, पण असं, ज्याकडे कुणाला रस्त्यावरून बघता येणार नाही.

"दे इकडे," बायको म्हणाली. ती कधी मागे येऊन उभी राहिली होती ते त्याला कळलंच नव्हतं.

"चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक," तो म्हणाला.

"असेल." तिने खुर्ची ओढली, सळई घेतली, आणि परीक्षानळीत थेंब सोडावा तसे एकामागून एक चार टाके लावले. स्वच्छ, टोकदार, ज्याचा त्याला. सळई स्टँडवर ठेवून ती परत पेपरांकडे गेली. एवढा वेळ ती त्याच्या हातांकडे नाही, त्याच्या तोंडाकडेही नाही, फक्त त्या टाक्यांकडे बघत होती. त्याला हायसं वाटलं.

दाढ काढायच्या आदल्या दिवशी आकाश मोकळं होतं. अंधार लवकर पडायचे दिवस. क्लिनिक लवकर बंद करून तो गच्चीवर गेला. खालच्या मजल्यांवर दिवे लागत होते, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर टाळ्या पडत होत्या. त्याने यंत्र जोडलं, स्टुलावर लॅपटॉप ठेवला, तारा निवडला. छोटा कॉम्प्युटर आधी दुर्बिणीला सगळ्या दिशांना जरा जरा ढकलून बघायचा, कोणतं बटण दाबलं की तारा कुठे जातो ते शिकायचा. ते झालं. मग त्याने यंत्राला सांगितलं, अजून काही सुधारू नकोस, नुसतं बघ. पडद्यावर रेघ निघायला लागली, ताऱ्याच्या सरकण्याची. रेघ हळूच वर चढली, हळूच खाली उतरली, परत वर. चाकाची चूक. एका फेऱ्याला एक लाट. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. चाकच होतं. इतके महिने चाकच होतं, मूर्खा. पण लाटेवर बारीक काटे होते, करवतीसारखे. वारा, तो मनात म्हणाला. नाहीतर स्क्रू ढिला असेल. स्क्रू आवळायला त्याने दुर्बिणीच्या नळीवर ठेवलेला उजवा हात उचलला. जुनी सवय, खुंट्याची, तारा बघताना हात नळीवरच असायचा. हात उचलला आणि रेघ गुळगुळीत झाली. लाट तशीच, काटे गेले. तो बघत राहिला. हात परत ठेवला. थोड्या वेळाने काटे आले. उचलला. गेले. मग तो नुसता तेच करत राहिला, लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं, आणि पडद्यावर कधी करवत, कधी रेशीम, करवत, रेशीम, असं उमटत गेलं. कुणा डॉक्टरने, बायकोने, कुणा पेशंटने काही म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. कारणांची रांग तयार होती. पण या पाटीला त्याच्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. ती तारा बघत होती.

बायको स्वेटर घेऊन वर आली. "झालं का चालू?"

"झालं. जरा वारा आहे."

तिने दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. कपडे सरळ खाली लोंबत होते. "हं," ती म्हणाली, स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला आणि खाली गेली. त्या 'हं'चा अर्थ लावत तो जेवला, त्या 'हं'चा अर्थ लावत कुशीवर वळला. उद्याचं काम त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. हिरडीचा काप. हाडावर ड्रिल. दाढेचे दोन तुकडे. आणि पलीकडे ती नस, दोऱ्याएवढी, कागदाएवढ्या हाडामागे. नसेला धक्का लागला तर जीभ बधिर, कधी महिनाभर, कधी कायमची. बोलता येतं. जेवता येतं. पण गाताना जीभ कुठे आहे ते कळत नाही. दुसऱ्याकडे पाठवता येईल, रुग्णालयातला सर्जन चांगला आहे. पण कारण काय सांगायचं? वीस जणांची काढलेली दाढ एकविसाव्याची का नाही? एकदा पाठवलं की दुसऱ्यांदा पाठवावं लागतं. मग पाटी बदलते.

एक गोळी असते, धडधडीवरची. वक्ते घेतात, वादक घेतात. सकाळी त्याने ती घेतली. क्लिनिकला पोचेपर्यंत हात दगडासारखा झाला होता. त्याने कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून पाहिली, सरळ गेली. त्याला एकदम हसू आलं. एवढंच होतं तर. बाई आल्या, खुर्चीत बसल्या, आज जरा गप्प होत्या. त्याने भूल दिली, सुई लोण्यात गेल्यासारखी गेली. मदतनीस मुलगी हत्यारं मांडत होती. भूल चढायची वाट बघत बाईंनी जिभेने ओठ चाचपले, आणि जड झालेल्या तोंडाने म्हणाल्या, "डॉक्टर, अर्धी जीभ माझी नाहीच असं वाटतंय. ही परत येईल ना?"

तो रोज हा प्रश्न ऐकायचा. रोज म्हणायचा, येईल की, दोन तासांत. आजही तेच म्हणायला त्याने तोंड उघडलं. हातात चाकू होता, स्थिर, चकचकीत. हा हात कुणाचा? हा गोळीचा हात. तो किती वेळ टिकेल? हाड उघडल्यावर, रक्त असताना, मधेच उतरला तर? आपण कुणाला फसवतोय, हे काही त्याला कळलं नाही. एवढंच कळलं की आपण घाबरलो आहोत, आज नाही, फार दिवसांपासून, आणि या खुर्चीत आपल्यावर विसंबून आडवी झालेली ही बाई आपल्यापेक्षा कमी घाबरलेली आहे. त्याने चाकू ट्रेमध्ये ठेवला. मास्क खाली ओढला.

"बाई, मी ही दाढ काढणार नाही. माझा हात हलतो."

मदतनीस मुलीच्या हातातलं काहीतरी ट्रेवर खणकलं. बाई उठून बसल्या. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वाकड्या झालेल्या ओठांनी, शब्द गिळत म्हणाल्या, "मग भूल कशाला दिलीत?"

"चुकलं."

"त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"त्या दिवशी मी मलाच सांगितलं नव्हतं."

त्याला वाटलं होतं, खरं बोललं की समोरचा मऊ होतो. बाई मऊ झाल्या नाहीत. त्या रागावल्या होत्या, आणि तोंड बधिर असल्यामुळे त्यांना नीट रागावताही येत नव्हतं, त्याचा त्यांना आणखी राग येत होता. त्याने सर्जनला फोन लावला, सगळं सांगितलं, कारणासकट. मग सर्जन म्हणाला, "घेऊन या. आत्ताच करू." तो स्वतः त्यांना गाडीतून घेऊन गेला. रुग्णालयाच्या बाकावर तो बसून राहिला, प्रथमच पेशंटच्या बाजूच्या बाकावर. आतून ड्रिलचा आवाज यायचा, थांबायचा, आणि प्रत्येक थांबण्याला त्याची बोटं आवळायची. गोळी उतरत चालली असावी. हात मांडीवर होते, त्याने ते झाकले नाहीत. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने एकदा पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. बाई बाहेर आल्या तेव्हा गालात कापसाचा बोळा होता, डोळे लाल. सर्जनने मान हलवून सांगितलं, सगळं ठीक. तो काही बोलायला उठला तर बाईंनी तळहात दाखवून त्याला थांबवलं. त्यांची बहीण न्यायला आली होती. संध्याकाळी मात्र त्यांचा दोन शब्दांचा निरोप फोनवर आला: जीभ आली. आभार नव्हते, रागही नव्हता. त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला.

घरी त्याने चहाच्या टेबलाशी बसून बायकोला सांगितलं. सुरुवात कुठून करावी ते न कळल्यामुळे मधूनच केली, दुर्बिणीच्या रेघेपासून. ती ऐकत होती. शेवटी तिने त्याचा कप त्याच्याकडे सरकवला. "बघ," ती म्हणाली.

"काय?"

"किती भरलाय?"

कप अर्धा होता. त्याने तिच्या कपाकडे पाहिलं, तो काठोकाठ होता.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तू सांडायचास आणि टेबल डगमगतं म्हणायचास. टेबलाच्या पायाखाली तूच पुठ्ठा घातलास, आठवतंय? मग मी अर्धाच भरायला लागले. तुला दुसऱ्यांदा ओतून देते, तुझ्या लक्षातही नाही आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते, तू बोलशील. तुझ्या घरात हातांविषयी बोलत नाहीत." तिने स्वतःचा कप बाजूला ठेवला. "पण आता लेकीला विचार. मला वाटतं, तिला कुणीतरी विचारायला हवंय."

"तिने तुला काही सांगितलंय?"

"नाही. पण सुट्टीत ती जेवताना दोन्ही हातांनी पेला धरायची."

फोन लावायला तो गच्चीवर गेला. यंत्र त्याने आधीच चालू केलं होतं, आता सुधारायची परवानगी देऊन. पडद्यावरची रेघ मधल्या आडव्या रेघेला चिकटून चालली होती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. मुलीने उचलला. "अडलं का कुठे?" तिने विचारलं.

"नाही. चालतंय. छान चालतंय." मग तो म्हणाला, "मी आज एक दाढ काढली नाही." आणि सांगितलं. आरसा, काटे, गोळी, बाई, बाक. पेंटरचं सांगितलं. पाठीमागे धरलेल्या मनगटाचं सांगितलं, जे त्याने आजवर कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला दोनच वाक्यं लागली. "आहेस ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"बेटा, तुझे हात..."

मग ती म्हणाली, "मेणाचा दात कोरायला देतात ना आम्हाला. सगळे सर माझ्या टेबलापाशी थांबतात. मी म्हणते, भीती वाटते म्हणून. दोन वेळा नापास झाले त्यात, बाबा. तुला खोटं सांगितलं." ती भरभर बोलायला लागली. "मला वाटलं, मलाच जमत नाही. तू क्लिनिकमध्ये जागा ठेवली आहेस. मी तुला काय सांगणार होते?"

त्याला बसावंसं वाटलं आणि तो टाकीच्या कठड्यावर बसला. जे होऊ नये म्हणून तो आठवडाभर प्रश्न गिळत होता ते होतंच, त्याच्या विचारण्या-न विचारण्याची वाट न बघता. भीती गेली नाही. उलट आता ती दोन ठिकाणी होती. कॉलेजचं काय, पुढचं काय, औषध लवकर सुरू केलं तर किती उपयोग, हे सगळे प्रश्न एकदम उठले, आणि नेहमीच्या कारणांपैकी मात्र एकही पुढे आलं नाही.

"मी येतो उद्या," तो म्हणाला.

"कशाला? क्लिनिक?"

"बंद ठेवतो. तिकडे मेंदूचा चांगला डॉक्टर आहे. दोघं जाऊ. दोघांनाही दाखवू."

"एकदमच?"

"एकदमच. आधी मी दाखवतो हवं तर."

ती रडत होती, आणि मध्येच तिला हसू आलं. "तुला तो वर्तुळं काढायला लावेल, कागदावर. मी वाचलंय."

"काढू की. बघू कुणाची जास्त वाकडी येतात."

तो खाली आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने मान हलवली आणि तिने डोळे मिटून घेतले. तो टेबलाशी बसला, सकाळच्या गाडीचं तिकीट काढायला फोन उघडला. बोट गावाच्या नावावर टेकवलं, शेजारचं गाव उघडलं. मागे गेला, पुन्हा टेकवलं, तारीखच बदलली. तिसऱ्यांदा बोट पडद्यावर जाऊन नुसतंच तरंगत राहिलं. त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"तू काढ," तो म्हणाला. "माझ्याने होत नाहीये."

तिने ओले हात पदराला पुसले, फोन घेतला, चष्मा लावला. "एक की दोन?"

"दोन," तो म्हणाला.